शुक्रवारची पंधरा मिनिटं

1 एप्रिल 1955. शुक्रवार, रामनवमी. सकाळी पावणेनऊ वाजता आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून एका नव्या मालिकेतलं पहिलं गीत प्रसारित झालं. 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालेलं हे केंद्र तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. केंद्रावरच्या सीताकांत लाड यांना वर्षभर चालेल असा, घराघरांत ऐकला जाईल असा कार्यक्रम हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी ग. दि. माडगूळकरांना गळ घातली. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, दर आठवड्याला एक गीत. वर्षाचे आठवडे 52, म्हणून गीतंही 52, असा साधा हिशेब होता. पण त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला, पुढची रामनवमी लांबली आणि गीतांची संख्या 56 वर गेली. शेवटचं गीत 19 एप्रिल 1956 ला, रामनवमीच्याच दिवशी, ऐकवलं गेलं.

गीतरामायणाची थोरवी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. इथे ते वेगळ्या कारणासाठी आलं आहे. एका सरकारी संस्थेने आठवड्यातल्या पंधरा मिनिटांसाठी तयार केलेला हा मजकूर. रेडिओवरचा कार्यक्रम संपला की तो हवेत विरतो, अशी त्या काळची रीत. हा मात्र विरला नाही. वर्तमानपत्र, पुस्तक, रंगमंच, ध्वनिमुद्रिका, कॅसेट, ब्रेल लिपी आणि इतर भाषांतली भाषांतरं इतक्या ठिकाणी तो जाऊन बसला. आज कंपन्यांपासून स्वयंसेवी संस्थांपर्यंत प्रत्येकाला आपल्याकडचा जुना मजकूर नव्या माध्यमांत न्यायचा असतो. अहवालाची चित्रफीत, व्याख्यानाची पुस्तिका, पुस्तिकेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या पाट्या, असे बेत सगळीकडे शिजत असतात. ते का फसतात आणि कधी जमतात, हे समजून घ्यायला पुणे केंद्राच्या या मालिकेइतकं चांगलं उदाहरण मराठीत नाही.

पहिली हालचाल श्रोत्यांनीच घडवली. शुक्रवारी ऐकलेलं गीत शनिवार-रविवारी पुन्हा लागायचं, तरी लोकांचं समाधान होईना. ऐकता ऐकता शब्द उतरवून घ्यायचे तर हात मागे पडतो. मग पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी प्रत्येक नवं गीत प्रसारित झालं की त्याचे शब्द छापायला सुरुवात केली. शब्द हातात, कान रेडिओला, अशी जोडी जमली. छापील गीताने रेडिओचा श्रोता पळवला नाही, उलट तो पुढच्या पुनःप्रसारणासाठी अधिक तयारीने बसू लागला. एका माध्यमातला मजकूर दुसऱ्यात गेला की पहिल्याचं गिऱ्हाईक तुटतं ही भीती अनेक संस्थांना वाटते. इथे नेमकं उलट घडलं, कारण दोन माध्यमं दोन वेगळ्या गरजा भागवत होती.

त्यानंतर पुस्तक. 3 ऑक्टोबर 1957 ला, विजयादशमीच्या दिवशी, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायण पुस्तकरूपात आणलं. आकाशवाणी आणि प्रकाशन विभाग ही एकाच माहिती व नभोवाणी मंत्रालयाची दोन अंगं. एका खात्याने घडवलेलं दुसऱ्या खात्याने उचललं, आणि तेही लोकांच्या मनात सूर ताजे असताना. मोठ्या संस्थांमध्ये ही साधी गोष्ट फार क्वचित घडते. प्रसिद्धी विभागाने काय केलं ते प्रशिक्षण विभागाला ठाऊक नसतं, आणि तोच मजकूर दोनदा पैसे मोजून लिहून घेतला जातो.

खरा बदल झाला तो रंगमंचावर. रेडिओवर गीतरामायण अनेक कंठांतून आलं होतं. फडके स्वतः, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, गजानन वाटवे, राम फाटक, सुरेश हळदणकर असे कितीतरी गायक त्यात होते. रामायणातल्या निरनिराळ्या व्यक्तिरेखांच्या तोंडी ही गीतं आहेत, आणि रेडिओवर व्यक्तिरेखा ओळखू येते ती आवाजावरून. डोळ्यांना काहीच दिसत नसताना कौसल्येचा आणि शूर्पणखेचा कंठ एकच असून चालत नाही. पुढे फडके जाहीर कार्यक्रम करू लागले तेव्हा एवढा ताफा गावोगाव नेणं शक्यच नव्हतं. त्यांनी सगळी गीतं एकट्याने गायला घेतली. 28 मे 1958 ला पुण्यात, माडगूळकरांच्या ‘पंचवटी’ या घरी, पहिला जाहीर कार्यक्रम झाला.

एका माणसाने दशरथही व्हायचं आणि सीताही, हे मराठी श्रोत्याला खटकलं नाही. कीर्तनकाराने शतकानुशतकं हेच केलं आहे. तो उत्तररंगात शिरला की सुदामाही तोच आणि कृष्णही तोच. गाणारा समोर बसलेला दिसतो, त्याचा चेहरा, हात, मधलं निवेदन यांतून पात्र उभं राहतं. आवाज बदलण्याची गरजच उरत नाही. फडक्यांनी रेडिओचा कार्यक्रम जसाच्या तसा मंचावर ठेवला असता तर तो एक लांबलचक गायनाचा जलसा झाला असता. त्यांनी त्याला मंचाच्या जुन्या मराठी परंपरेत बसवलं. कधी एका बैठकीत निवडक गीतं, कधी सलग काही रात्री संपूर्ण रामायण, अशी रचनाही जागेनुसार आणि श्रोत्यांनुसार बदलत गेली. त्यांच्यानंतर श्रीधर फडके तेच काम आजवर करत आले आहेत.

ध्वनिमुद्रिकेची अडचण आणखी निराळी होती. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासचंच गाणं मावायचं. अनेक कडव्यांची ही गीतं त्यात कोंबायची तर कडवी कापावी लागली असती, आणि कथागीताचं कडवं कापलं की कथाच तुटते. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सामावणाऱ्या लाँग प्ले तबकडीने हा पेच सोडवला. एच. एम. व्ही.ने फडक्यांच्या आवाजात संच काढला, पुढे त्याच्या कॅसेट आल्या, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत गीतरामायण म्हणजे हाच एका कंठातला संच, असं समीकरण झालं. मूळ रेडिओवरचं बहुकंठी रूप आकाशवाणीच्या पुनःप्रसारणांतून ऐकायला मिळत राहिलं, पण नव्या पिढीच्या कानात बसलं ते दुसरंच. असं होतंच. मजकूर एकदा घरून निघाला की कोणतं रूप लोकांच्या मनात मूळ म्हणून रुजेल हे संस्थेच्या हातात राहत नाही.

भाषांतरांत सर्वांत कठीण अट होती ती चालीची. शब्दांचा अर्थ दुसऱ्या भाषेत नेणं एक वेळ सोपं. इथे हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली, सिंधी, कोकणी या भाषांत शब्द नेताना फडक्यांच्या चालीत ते बसायलाही हवे होते, म्हणजे मात्रा, यती, ठेका सगळं सांभाळायचं. पुण्याच्या पंडित वसंत गाडगीळ यांनी संस्कृत रूप केलं. संस्कृतातलं रामायण मराठीत आलं, मराठी गीतांतून पुन्हा संस्कृतात गेलं, आणि या येण्याजाण्यात मराठी मात्रावृत्तांचा ठेका बरोबर घेऊन गेलं.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट ठळक आहे. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी नव्याने बसून काम केलं. गायक बदलला, निवेदन घातलं, कडव्यांचा हिशेब केला, मात्रा मोजल्या. मजकूर तोच राहिला, पण त्याला नव्या जागेच्या मापाचं करण्याचं कष्टाचं काम कुणी टाळलं नाही. आज ज्याला ‘कंटेंटचा पुनर्वापर’ म्हणतात त्यातलं नव्वद टक्के अपयश इथे असतं. चाळीस पानांचा वार्षिक अहवाल पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकला, त्यातला एक परिच्छेद फेसबुकवर चिकटवला, अध्यक्षांचं भाषण न छाटता यूट्यूबवर चढवलं, की काम झालं असं मानलं जातं. जागा बदलली, पण त्या जागेच्या वाचकासाठी कुणी बसून काही केलेलं नसतं.

बोललेलं आणि छापलेलं यांतला फरक संस्था म्हणून सर्वांत आधी ज्यांना पुरता उमगला त्यांत ब्रिटनच्या बीबीसीचं नाव घ्यावं लागेल. नोव्हेंबर 1922 मध्ये तिचं प्रसारण सुरू झालं. वृत्तपत्रवाले धास्तावलेले होते. संध्याकाळी सातच्या आधी रेडिओवर बातम्या द्यायच्या नाहीत असं बंधन त्यांच्या दबावाने आलं. 1923 च्या सुरुवातीला तर त्यांनी रेडिओचं वेळापत्रक छापण्यासाठी जाहिरातीचे दर मागितले. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी त्यावर उपाय काढला तो स्वतःचं साप्ताहिक काढण्याचा. 28 सप्टेंबर 1923 ला ‘रेडिओ टाइम्स’चा पहिला अंक निघाला. कार्यक्रमांची यादी हा संस्थेकडे पडून असलेला, कुणाला मजकूर वाटणारही नाही असा मजकूर. तोच विकून पन्नासच्या दशकात या साप्ताहिकाचा खप ऐंशी लाखांच्या वर गेला.

त्याहून मोठं पाऊल 16 जानेवारी 1929 चं. त्या दिवशी ‘द लिसनर’ सुरू झालं. रेडिओवर झालेली भाषणं आणि चर्चा छापून देणारं हे साप्ताहिक. पुन्हा प्रकाशकांनी गदारोळ केला: सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने आमच्या धंद्यात का उतरावं? तडजोड अशी झाली की प्रसारणाशी संबंध नसलेला नवा मजकूर अंकात दहा टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. म्हणजे या नियतकालिकाला पुनर्वापरावरच जगायचं होतं. आणि ते 1991 पर्यंत जगलं. ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारख्या लेखकांची रेडिओवरची भाषणं तिथे छापली गेली, आणि जे. आर. अ‍ॅकर्ली यांनी तब्बल चोवीस वर्षं त्याचं वाङ्मयीन पान सांभाळलं.

या यशाची मुळं स्टुडिओत होती. भाषण विभागाच्या पहिल्या संचालक हिल्डा मॅथेसन यांनी वक्त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली: समोर सभा नाही, एका घरात बसलेला एक माणूस आहे, त्याच्याशी बोला. विद्वानांच्या लेखी निबंधाला त्यांनी बोलीचं रूप द्यायला लावलं, वाक्यं तोडायला लावली, तालमी घेतल्या. ‘द लिसनर’मधली ही भाषणं वाचायला सुलभ झाली ती यामुळे. ती आधी कानांसाठी घासूनपुसून झालेली होती. मराठीत याचा पडताळा कुठल्याही चांगल्या व्याख्यानमालेच्या पुस्तकात येतो. वसंत व्याख्यानमालेत रंगलेलं भाषण शब्दशः उतरवून छापलं तर वाचवत नाही, आणि छापण्यासाठी लिहिलेला निबंध व्यासपीठावरून वाचला तर मंडप रिकामा होतो. दोन्हींच्या मधे एक संपादक लागतो, आणि संस्थांच्या अंदाजपत्रकात नेमकी त्याचीच तरतूद नसते.

1948 मध्ये बीबीसीने रीथ व्याख्यानं सुरू केली. पहिले वक्ते बर्ट्रांड रसेल. त्यांची व्याख्यानं पुढच्याच वर्षी ‘ऑथॉरिटी अँड द इंडिव्हिज्युअल’ या पुस्तकात आली. 1953 मध्ये अणुशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर बोलले, त्यांचंही पुस्तक झालं. व्याख्यान ठरवतानाच पुस्तक डोळ्यांसमोर ठेवायचं, ही पद्धत इथे पक्की झाली. आता ही व्याख्यानं पॉडकास्ट म्हणून मिळतात.

पण हीच बीबीसी दुसऱ्या एका बाबतीत मोठा धडा देऊन गेली, आणि तो फार महागाचा होता. साठ आणि सत्तरच्या दशकांत तिने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या हजारो टेप पुसून टाकल्या. कारणं त्या वेळी अगदी व्यवहाराची होती. व्हिडिओ टेप महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम किती वेळा दाखवायचे यावर मर्यादा होती. रंगीत प्रसारण आल्यावर काळी-पांढरी चित्रं कोण विकत घेणार, असंही वाटत होतं. घरोघरी कार्यक्रम विकत घेऊन पाहता येतील अशी यंत्रं अजून यायची होती. 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे नव्वदहून अधिक भाग यात गेले.

पुढे घरगुती व्हिडिओ आला, मग डीव्हीडी, मग इंटरनेट, आणि प्रत्येक वेळी या भागांना मागणी होती. सांगायला आनंद वाटतो तो पुढचा भाग. ब्रिटनमधल्या चाहत्यांनी प्रसारणाच्या वेळी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज उतरवून घेतला होता. त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, आणि त्या आवाजावर नव्याने चित्रं काढून बीबीसीने काही भाग अ‍ॅनिमेशनच्या रूपात बाहेर आणले. परदेशी केंद्रांना विकलेल्या फिल्मच्या प्रतीही अधूनमधून सापडत राहिल्या. 2013 मध्ये नायजेरियातल्या एका केंद्रात सापडलेले नऊ भाग लोकांसमोर आले. जे संस्थेने फेकलं ते श्रोत्यांनी आणि परक्या देशातल्या कपाटांनी जपलं. मूळ प्रत नसेल तर पुनर्वापराच्या साऱ्या योजना कागदावरच राहतात, आणि मूळ प्रत जपायची ती तिचा उपयोग अजून कुणालाही दिसत नसतानाच.

महाराष्ट्रातल्या संस्थांचा धोका टेप पुसण्याचा नाही, फॉन्टचा आहे. नव्वदच्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली ती श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींवर. पडद्यावर आणि कागदावर अक्षर सुंदर उमटायचं, पण संगणकाच्या दृष्टीने ते मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. साहित्य संस्था, विद्यापीठं, सहकारी साखर कारखाने, दिवाळी अंक यांच्याकडे अशा फाइलींचे ढीग आहेत. मजकूर आहे, वाचता येतो, पण शोधता येत नाही, अ‍ॅपमध्ये घालता येत नाही, दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. युनिकोडमध्ये त्याचं रूपांतर करणारी साधनं आहेत, मात्र जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, आणि त्या शोधायला मराठी जाणणारा मुद्रितशोधकच लागतो.

मराठी विश्वकोशाचं काम या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत हे काम उभं राहिलं. पहिला खंड 1976 मध्ये आला, विसावा 2015 मध्ये. जाडजूड खंडांचे असे संच बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात, घरी न्यायला मनाई असलेल्या कपाटात असतात. ते खंड जेव्हा युनिकोडमध्ये संकेतस्थळावर आले तेव्हा गडहिंग्लजच्या विद्यार्थ्यालाही आणि न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबालाही एकाच क्षणी तीच नोंद मिळू लागली. छापील कोशात माणूस अकारविल्हे चालतो. संकेतस्थळावर तो शोधखिडकीतून आत येतो आणि एका नोंदीतून दुसरीकडे जातो. त्यासाठी नोंदीतला ‘पहा’ हा छोटा निर्देश दुवा म्हणून जिवंत करावा लागतो, लेखकाचं नाव, विषय, संदर्भ यांचे वेगळे कप्पे करावे लागतात.

आणि वयाचा प्रश्न असतोच. 1976 च्या खंडातली संगणकाबद्दलची किंवा एखाद्या देशाच्या राजवटीबद्दलची माहिती आज जशीच्या तशी दाखवली तर विद्यार्थी फसेल. छापील खंडावर सन असतो, कागद पिवळा पडलेला असतो, वाचक आपोआप सावध होतो. पडद्यावर पन्नास वर्षांपूर्वीची नोंद आणि काल लिहिलेली नोंद सारख्याच ताज्या दिसतात. विश्वकोश मंडळाने विषयवार ज्ञानमंडळं नेमून नोंदी अद्ययावत करण्याचं काम हाती घेतलं ते यासाठीच. हे काम कधी संपत नाही, आणि तसं ते संपूही नये.

कप्प्यांची ही कल्पना अमेरिकेतल्या नॅशनल पब्लिक रेडिओने पद्धतशीरपणे राबवली. एनपीआरच्या डॅनियल जेकबसन यांनी 2009 मध्ये ती ‘एकदा तयार करा, सगळीकडे प्रसिद्ध करा’ या सूत्रात मांडली. बातमी पानासारखी साठवायची नाही. मथळा, छोटा मथळा, सारांश, मजकूर, ध्वनी, छायाचित्र, तारीख असं सुटं सुटं साठवायचं. मग संकेतस्थळ त्यातलं सगळं उचलेल, फोनवरचं अ‍ॅप छोटा मथळा आणि ध्वनी घेईल, गाडीतला रेडिओ फक्त आवाज. दिसायला ही तांत्रिक बाब, पण तिच्या मुळाशी संपादकाची शिस्त आहे: लिहितानाच ठरवायचं की या मजकुराचा कोणता भाग एकटा उभा राहू शकतो.

मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेताना चूक झाली तर कुणाचं काय जातं? गाण्याच्या बाबतीत रसभंग होतो, कोशाच्या बाबतीत एखादा गुण जातो. शेतीच्या बाबतीत पीक जातं, कधी माणूसही. म्हणून या प्रकरणाचा उरलेला भाग शेतीच्या माहितीला द्यायला हवा.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांचं संशोधन दरवर्षी संयुक्त बैठकीत तपासलं जातं आणि तिथे मान्य झालेल्या शिफारशी बाहेर पडतात. तिथून त्यांचा प्रवास सुरू होतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘कृषिदर्शनी’सारख्या दैनंदिनीत त्या छापल्या जातात. कृषी खात्याच्या ‘शेतकरी’ मासिकात लेख येतो. आकाशवाणीवरच्या ‘माझं घर माझं शेत’मध्ये मुलाखत होते. 2004 पासून चालणाऱ्या किसान कॉल सेंटरवर कुणीतरी तेच फोनवर सांगतं. मग यूट्यूब, आणि शेवटी गावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट.

पाच टक्के निंबोळी अर्काचं उदाहरण घेऊ. संशोधनाच्या भाषेत ती नुसती टक्केवारी असते. दैनंदिनीत तिची कृती होते: पाच किलो निंबोळ्या कुटून सुमारे दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण द्रावण शंभर लिटर करायचं. छापील पानावर हे पुरतं. पण फवारणी करणाऱ्याच्या पाठीवर शंभर लिटरचं पिंप नसतं, पंधरा-सोळा लिटरचा पंप असतो. त्याला हवा असतो एकच आकडा: पंधरा लिटरच्या पंपाला गाळलेला अर्क दीड लिटर. हे गणित शिफारशीत नसतं, ते मजकूर पुढे नेणाऱ्याने करून द्यायचं असतं.

रेडिओवर तोच आकडा मुलाखतीत निदान तीनदा यायला हवा, कारण ऐकणाऱ्याच्या हातात खुरपं असतं, पेन नसतं. शिवाय तिथे वेळेचं बोलावं लागतं. निंबोळ्या पिकून पडतात त्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडाला. गोळा करून सावलीत वाळवायच्या त्या तेव्हाच, फवारणी खरिपात. ऑगस्टमध्ये ‘निंबोळ्या गोळा करा’ असं सांगणारा कार्यक्रम फुकट गेला. चित्रफितीत वेगळंच दाखवावं लागतं: गाळताना फडकं दुहेरी का घ्यायचं. चोथ्याचे कण राहिले तर नोझल तुंबतो आणि भर शिवारात पंप उघडून बसावं लागतं. लेखात ही गोष्ट अर्ध्या वाक्यात जाते, पडद्यावर ती दहा सेकंदांत डोक्यात पक्की बसते. अर्कातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. व्हॉट्सअ‍ॅपच्या पाटीवर कारणाला जागा नसते, पण ‘संध्याकाळी’ हा शब्द मोठ्या अक्षरात हवाच. जागा कमी पडली म्हणून सर्वांत आधी तोच कापला जातो, हे अनेक पाट्यांवर दिसतं.

निंबोळी अर्क त्यातल्या त्यात निरुपद्रवी. रासायनिक कीटकनाशकांच्या शिफारशी जुन्या झाल्या तर काय होतं ते एन्डोसल्फानने दाखवलं. कापसाच्या बोंडअळीसाठी वर्षानुवर्षं पुस्तिकांत त्याचं नाव छापलेलं होतं. 13 मे 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरात त्यावर बंदी घातली. 2018 मध्ये केंद्र सरकारने आणखी अठरा कीडनाशकांवर बंदीचा आदेश काढला. त्यातली बारा लगेच गेली, आणि फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस अशी शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली सहा 2020 च्या अखेरीस. आदेश एका दिवसात निघतो. छापलेल्या पुस्तिका मात्र ट्रंकेत राहतात, त्यांच्या पानांचे फोटो निघतात, फोटोवरचं मुखपृष्ठ आणि सन गळून पडतो, आणि विद्यापीठाच्या नावाच्या जोरावर जुनी शिफारस नव्या हंगामात फिरू लागते.

यावर उपाय आहे, आणि तो खर्चिक नाही. प्रत्येक पाटीवर, चित्रफितीच्या पहिल्या चौकटीत, ध्वनिफितीच्या सुरुवातीच्या वाक्यात तारीख आणि हंगाम घालायचा, तोही असा की कापला तर मजकूरही कापला जाईल. दुसरं काम कंटाळवाणं, पण त्याच्याशिवाय पहिलं अपुरं: कोणती शिफारस कुठे कुठे गेली याची नोंदवही. दैनंदिनीच्या कोणत्या आवृत्तीत, मासिकाच्या कोणत्या अंकात, कोणत्या केंद्रावरच्या कोणत्या मुलाखतीत, कोणत्या चित्रफितीत. बंदी आली, मात्रा बदलली, वाण मागे घेतलं, की ती वही उघडून एकेका ठिकाणी जायचं. चित्रफीत काढून नवी चढवता येते. रेडिओ केंद्राला कळवून जुनी मुलाखत पुनःप्रसारणातून वगळता येते. कॉल सेंटरच्या माहितीत दुरुस्ती करता येते. मासिकाच्या पुढच्या अंकात ठळक चौकट देता येते. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावलेला तक्ता मात्र कृषी सहायकाला स्वतः जाऊन काढावा लागतो, आणि त्याच खिळ्यावर त्याच दिवशी नवा लावावा लागतो.